वरचं पाणी

दुपारी पावणेतीनच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पाणी पडायला लागलं. पाऊस नव्हे, मार्चात कुठला पाऊस. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. अशी ती महिन्यातून एकदा तरी वाहते. वॉचमन पंप चालू करतो आणि विसरतो. मग पाणी कठड्यावरून उडी मारून खाली पार्किंगमधल्या कुणाच्या तरी गाडीवर पडत राहतं.

"अहो, खाली फोन करा," आतून आवाज आला.

करतो म्हटलं. पण लगेच केला नाही. वरून आयतं पडणारं पाणी दिसलं की ते जरा वेळ बघत उभं राहायची मला खोड आहे. ही खोड जुनी असावी असं मला वाटायचं, पण ती खरी बळावली पोर्तुगालला.

लेक पोर्तोला शिकत होती, तेव्हा आम्ही दोघं पंधरा दिवस तिच्याकडे गेलो होतो. तिथून तासाभरावर ब्रागा नावाचं गाव आहे आणि गावाबाहेर एक टेकडी, बॉम जेझूसची. नाव ऐकून ही म्हणाली, "हे तर गोव्याला आहे ना?" आहेच. गोव्याला त्या नावाचं चर्च आहे, इथे अख्खी टेकडी. माथ्यावर देऊळ, म्हणजे चर्चच, आणि पायथ्यापासून तिथवर दगडी पायऱ्यांचे नागमोडी जिने. पायऱ्या पाचशेच्या वर. नवस बोललेले काही लोक त्या गुडघ्यांवर चढतात म्हणे. आमचे गुडघे दादरच्या पुलावरच खर्ची पडलेले. तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, फ्युनिक्युलर आहे."

मला वाटलं, वणीच्या गडावर २०१८ साली सुरू झाली तसली ट्रॉली असेल. बटण दाबलं की वर मोटर फिरते आणि दोर डबा ओढून घेतो. तर तसं नाही. ही गाडी १८८२ च्या मार्च महिन्यात सुरू झाली आणि अजूनही तिला ना इंजिन आहे ना मोटर. ती पाण्यावर चालते. पाण्यावर म्हणजे वाफेवर नव्हे, साध्या पाण्याच्या वजनावर.

दोन डबे, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले. दोर माथ्यावरच्या चाकावरून गेलेला. एक डबा वर असतो तेव्हा दुसरा खाली. प्रत्येक डब्याच्या पोटात पाण्याची टाकी. खाली किती माणसं बसली ते खालचा माणूस वर कळवतो आणि वरचा त्या हिशेबाने आपल्या टाकीत पाणी भरतो. माणसं जास्त तर पाणी जास्त. मग ब्रेक सुटतात, वरचा डबा जडपणाने खाली यायला लागतो आणि त्याच्या जिवावर खालचा वर चढतो. खाली पोचला की त्याने पाणी सोडून द्यायचं आणि हलकं व्हायचं. तोवर दुसरा माथ्यावर जाऊन तोंड उघडून बसलेला, भरा म्हणून. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, तिच्यात डब्याचं दातेरी चाक अडकलेलं असतं, म्हणून गाडी सुसाट सुटत नाही. ही पट्टी निक्लाउस रिगनबाख या स्विस इंजिनिअरची. २७४ मीटरचा रूळ आणि ११६ मीटरची चढण, म्हणजे आपल्याकडच्या अडतीस मजली टॉवरएवढी. तीही काही मिनिटांत, आणि विजेचं बिल शून्य.

हे कळल्यावर मी ती गाडी तीनदा केली. हिने पहिल्या खेपेनंतर वरच्या बागेत बाकडं धरलं.

मध्यावर दोन्ही डबे एकमेकांच्या शेजारून जातात. खाली जाणारे वर जाणाऱ्यांना हात करतात. का ते कळत नाही, पण करतात, आणि आपणही करतो. आपल्या लोकलमध्ये शेजारून फास्ट गेली तर आपण मनातल्या मनात तिच्यात नसल्याबद्दल स्वतःलाच दोष देतो, हात वगैरे कुणी करत नाही. दुसऱ्या खेपेला मी वरून खाली येत होतो. म्हणजे समोरच्या डब्यातल्या लोकांना वर चढवणाऱ्या वजनात माझे ब्याऐंशी किलोही होते. आयुष्यात पहिल्यांदाच पोटाचा कुणाला तरी उपयोग झाला.

पण खरं सांगायचं तर मी तिथे बसून गिरगावातला जिना बघत होतो.

चाळ तीन मजली, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. नळ मजल्यामजल्यावर होते, पण तळमजल्याच्या वरचे नळ नुसते शोभेचे. पहाटे साडेचारला ते एकदा फुरफुरायचे, खोकायचे, आणि मग तळमजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "पाणी आलं!" की हंडे, कळश्या, बालद्या घेऊन अख्खी चाळ जिन्यावर. लाकडी जिना, मधोमध झिजून खोलगट झालेला. भरलेल्याने भिंतीच्या अंगाने चढायचं आणि रिकाम्याने कठड्याला चिकटून उभं राहून वाट द्यायची, हा नियम. तो कुणी केला माहीत नाही, पण मोडताना कुणाला पाहिलं नाही. एरवी वर्ष-वर्ष अबोला असलेली बिऱ्हाडंसुद्धा पहाटे साडेचारला तो पाळायची. आई कंबरेवर कळशी आणि दुसऱ्या हातात बालदी घेऊन आठ खेपा करायची, आम्ही दोघं भाऊ अर्ध्या बालदीच्या चार-चार. पिंप भरलं की तिच्या तोंडावर जो काही आनंद दिसायचा तो मी पुढे तिच्या तोंडावर फार कमी वेळा पाहिला. माझ्या लग्नातसुद्धा नाही. लग्नात तिला जेवणावळीच्या पाण्याची काळजी होती.

बालदी हा शब्द पोर्तुगीज. लेकीच्या खोलीत मोरी पुसायची प्लास्टिकची बादली होती, तिला घरमालकीण 'बाल्द' म्हणायची. साबण, चावी, बटाटा, पगार हेही त्यांचेच, हे शाळेत पाठ केलं होतं. मुंबई त्यांनी १६६१ साली राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना देऊन टाकली, पण बालदी आमच्याकडे राहिली. सौदा वाईट नाही.

तर, चौथीत असताना सुट्टीत आम्हा दोघा भावांना एक कल्पना सुचली. गॅलरीच्या वरच्या तुळईला एक कप्पी होती. कुणी बसवली देव जाणे, बहुधा कुणाचं तरी कपाट चढवताना राहून गेली असावी. तिच्यावरून दोर सोडला. खालच्या टोकाला भरलेली बालदी. वरच्या टोकाला काय बांधायचं? जड हवं. घरात जड वस्तू एकच, आईचा वरवंटा. तो रिकाम्या कळशीत घातला आणि कळशी गॅलरीबाहेर सोडली.

काही झालं नाही. वरवंटा कमी पडला. मग भावाने अण्णांची इस्त्री कळशीत घातली, कोळशाची, पितळेची. तरी नाही. मग त्याने शेजारच्यांच्या दारातलं लोखंडी वजन, पाच किलोचं, विचारलं न विचारल्यासारखं करून आणलं. त्याबरोबर कळशी जी सुटली! खालची बालदी रॉकेटसारखी वर आली, कप्पीवर आदळली, उलटी झाली आणि सगळं पाणी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. कळशी चौकातल्या फरशीवर चेपली. वरवंट्याला काही झालं नाही, वरवंट्याला कधीच काही होत नाही. पुढचं वर्णन करत नाही. पापडांची भरपाई म्हणून आईला दोन दिवस काकूंकडे लाटायला बसावं लागलं, आणि आम्हाला त्या दोन दिवसांचं पाणी एकट्याने भरावं लागलं.

पण मार खाल्ल्यावर एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. समजा बालदी नीट वर आली असती. मग? वरवंटा, इस्त्री आणि पाच किलोचं वजन खाली गेलेलं असणार. ते वर कोण आणणार? परत आपणच. म्हणजे बालदीभर पाण्यासाठी बालदीभर लोखंड जिन्याने चढवायचं. ब्रागात हे कोडं सुटलं. त्यांच्याकडे वजन मुळातच वर आहे. डोंगरातून पाणी माथ्यावर आयतं येतं, ते खाली जाताना माणसांना वर नेतं. आम्ही पाण्याला वर नेत होतो. तिथे पाणी लोकांना वर नेत होतं. एवढाच फरक, पण मी त्या गाडीत बसून तो तीन खेपा मोजला.

आणि गंमत म्हणजे वरचं पाणी आम्हालाही होतं. चाळीच्या गॅलरीतून समोर मलबार हिल दिसायची. रविवारी अण्णा आम्हाला चौपाटीवरून चालत वर न्यायचे, हँगिंग गार्डनला, मग समोर कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात. चढावर अण्णा दर वेळी सांगायचे, की हा सिरी रोड म्हणजे मूळची शिडी. बागेत हिरवळीवर लोळताना आमच्या पाठीखाली काय आहे याचा मात्र कुणालाच पत्ता नव्हता. ती बाग म्हणजे एका जलाशयाचं झाकण आहे. टेकडीच्या डोक्यावरच्या त्या जलाशयात १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं, आणि दक्षिण मुंबईला ते तिथून पोचतं. १८७९ साली तुळशी तलाव पूर्ण झाला आणि पुढच्या दशकात टेकडीवरचा हा जलाशय उभा राहिला. ब्रागाची गाडी सुरू झाली साधारण त्याच वर्षांत. म्हणजे दोन्हीकडे टेकडी, दोन्हीकडे माथ्यावर पाणी. तिथे कुणाला तरी वाटलं की या पाण्याच्या उतरण्यात एक गाडी आहे. आपल्याकडे ते उतरून गिरगावात यायचं, तळमजल्याच्या नळापर्यंत कसंबसं पोचायचं आणि तिथे दम सोडायचं. पुढचे तीन मजले आईचे.

टेकडीवर राहणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नसावा. असो. टेकडीवाल्यांवर बोलायला बसलो तर संध्याकाळ होईल.

ब्रागाला उतरताना ही म्हणाली, आता पायऱ्यांनी जाऊ, उतरायला काय लागतं. (लागतं. दुसऱ्या दिवशी कळलं.) त्या पायऱ्यांचा एक टप्पा पंचेंद्रियांचा आहे. प्रत्येक वळणावर एक कारंजं, आणि त्यावर दगडी माणूस. एकाच्या डोळ्यांतून पाणी येतं, एकाच्या कानांतून, एकाच्या नाकातून, एकाच्या तोंडातून. नाकवाल्यापाशी हिला इतकं हसू आलं की फोटो हललेला आला. स्पर्शाचं कारंजं वेगळं आहे. तिथे त्या माणसाच्या हातात घडा आहे आणि घड्यातून धार पडते. अठराव्या शतकापासून पडते आहे. घडा रिकामा होत नाही, कारण मागून डोंगर भरतोय.

मी तिथे जरा जास्त वेळ थांबलो. लेकीने विचारलं, "बाबा, दमलात का?" मी हो म्हटलं.

आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. तोवर आम्ही या बिल्डिंगमध्ये आलो होतो, अकराव्या मजल्यावर, चोवीस तास पाणी. तरी रोज रात्री मोरीत एक बालदी भरून ठेवायला ती लावायचीच. नाही ठेवली तर झोपायची नाही. शेवटी-शेवटी माणसं ओळखेना. मला अण्णा म्हणायची, हिला माझ्या मावशीचं नाव घेऊन हाक मारायची. पण पहाटे साडेचारला डोळे उघडायची, न चुकता, आणि विचारायची, "पाणी आलं का रे?"

"आलं. भरलं मी."

"सगळं?"

"सगळं."

मग झोपायची.

बालदी मी अजून भरून ठेवतो. हिची त्यावर रोज कटकट असते, पाय लागतो म्हणून. लागतो हे खरंच आहे.

"अहो, केलात का फोन?"

केला. म्हटलं, टाकी वाहतेय, पंप बंद कर. तो म्हणाला, पंप तो सुबह से बंद है, साब. मी म्हटलं, मग हे एवढं पाणी कुठून येतंय? तो जरा थांबला. खाली अंगणात येऊन मान वर करून बघत असावा.

"ऊपर से आ रहा है, साब," म्हणाला.