मॉड्युलर घर घेताय? भिंती बंद होण्याआधी वर्कशॉपला जाऊन या

शेतावर किंवा कोकणातल्या वाडीत तयार घर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, चौरस फुटाला दर काय? माझ्या मते त्याआधी विचारायला हवं ते असं: सांगाडा कशाचा आहे आणि तो कशावर उभा राहणार? रंग, टाइल्स, खिडक्या पुढे कधीही बदलता येतात. सांगाडा आणि पाया एकदा झाकले गेले की दिसतही नाहीत.

'मॉड्युलर' या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या पॅनेलची केबिन. खाली लोखंडी चॅनेलची चौकट, चौकोनी पाइपचे खांब आणि भिंतीला ५० मिमी पॅनेल. या पॅनेलचे दोन आकडे कोटेशनमध्ये लिहून घ्या: पत्र्याची जाडी (०.५ मिमी हवी) आणि मधल्या फोमची घनता (घनमीटरला ४० किलोच्या आसपास). पातळ पत्र्याला नुसती शिडी टेकवली तरी पोचा पडतो. छताला मात्र ५० मिमी पुरत नाही, ८० किंवा १०० घ्या, कारण दिवसभराचं ऊन तिथेच बसतं. पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून शेगडीमागची भिंत रॉकवूल (न पेटणारी दगडी लोकर) पॅनेलची करून घ्या.

दुसरा जुना शिपिंग कंटेनर. दिसायला दणकट, पण आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि बोर्ड लागले की हातात सव्वासात फूट उरतात. उंचीसाठी साडेनऊ फुटी हाय-क्यूबच बघा. साध्या कंटेनरमध्ये फॉल्स सीलिंगनंतर पंखा डोक्याशी येतो. त्याच्या नालीदार भिंतीही भार पेलतात, त्यामुळे मोठी खिडकी कापली की तिथे चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करावीच लागते. ती गाळली तर छत मधोमध बसतं आणि स्लायडिंग दार अडकू लागतं. आतल्या मूळ प्लायवुडला बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. ते काढून टाका.

तिसरी एलजीएसएफ, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पातळ पत्र्याच्या सी-आकाराच्या पट्ट्यांची चौकट. कायम राहायचं असेल तर मी हीच सुचवेन. खांब ४०० किंवा ६०० मिमीवर, बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड, मध्ये रॉकवूल, आतून जिप्सम. इथे एक चूक वारंवार होते. गिझर, टीव्ही, किचनची कपाटं कुठे लटकणार हे आधी सांगितलेलं नसतं, आणि नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू भरलेल्या गिझरचं वजन धरत नाही. त्या जागी भिंत बंद करण्याआधी आतून प्लाय किंवा जाड पत्रा बसवावा लागतो. वर्कशॉपला जायचं ते याच टप्प्यावर. फोटो काढा, वायरिंग आणि पाइप कुठून गेलेत ते मोजून लिहून ठेवा.

आता पाया. 'हलकं घर आहे, चार ब्लॉकवर बसेल' असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक कोपरा उचलला गेला की दारं घासतात, बोर्डांचे सांधे तडकतात. पेडेस्टलचा (घर ज्यावर बसतं त्या काँक्रीटच्या आखूड खांबाचा) खड्डा मुरमापर्यंत न्यावा, २० बाय १० फुटी केबिनला किमान सहा पेडेस्टल धरावेत आणि सगळ्यांचे माथे लेव्हल ट्यूबने एका पातळीत आणावेत. दोन्ही कर्ण फितीने मोजा. ते सारखे नसतील तर आयतं बनलेलं घर बोल्टांवर बसणार नाही. जोतं जमिनीपासून दीड फूट तरी वर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि चौकट सुकी राहते.

घर हलकं असल्यामुळेच बोल्ट महत्त्वाचे. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये किती छपरं उडाली ते आठवा. पडवीच्या पत्र्याला वारा खालून उचलतो, त्यामुळे पडवीचे खांबसुद्धा काँक्रीटमध्ये अँकर करा.

गळतीचं मूळ जवळजवळ नेहमी दोन मॉड्यूलमधल्या, म्हणजे वर्कशॉपमधून तयार होऊन येणाऱ्या घराच्या तुकड्यांमधल्या सांध्यात सापडतं. सहा मीटर लोखंड ३० अंशांच्या फरकाने दोन मिमीहून जास्त लांबतं-आखडतं. हे रोज होत असेल तर नुसती सिलिकॉनची रेघ फार काळ टिकत नाही. सांध्यावर पत्र्याचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी झाकणपट्टी) हवं आणि सीलंट त्याच्या आत. छताला फुटाला इंचभर उतार द्या. स्क्रूखालचे रबरी वॉशर जास्त आवळले की चिरडतात आणि तिथूनच थेंब सुरू होतो. समुद्राजवळ गंज वेल्डिंगपासून लागतो, कारण तिथलं जस्त जळालेलं असतं. ती जागा घासून झिंक प्रायमर लावायला लावा. ग्राइंडरचा चुरा पत्र्यावर पडून राहिला तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. पॅनेलची खालची फट बंद करा, नाहीतर उंदीर आणि मुंग्या फोममध्ये घर करतात.

घराला पत्र्याचं अंग आहे, तेव्हा चौकटीला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) यात तडजोड नको.

रस्ता स्वतः मोजा. दहा फुटी मॉड्यूल वाहनाच्या नेहमीच्या रुंदीच्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे वेगळी परवानगी लागते. वळणं, वरच्या विजेच्या तारा, हायड्रा (चाकांवरची क्रेन) उभी राहायला कडक जमीन, हे सगळं आधी बघा. चौदा टनी हायड्रा चौदा टन उचलते ते अगदी जवळून. हात लांबवला की क्षमता झपाट्याने घटते.

'बोल्ट काढून नेता येतं, परवानगी लागत नाही' हे विक्रेत्याचं वाक्य मान्य करू नका. बांधकाम नियमांत साहित्य कोणतंही असो, ती इमारतच. सातबारा घेऊन आधी नियोजन प्राधिकरणाकडे चौकशी करा. कर्ज हवं असेल तर बँकेलाही आधीच विचारा.

कोटेशनमध्ये वाहतूक, क्रेन, पाया, सेप्टिक टँक आणि जीएसटी धरलाय का, हे एकेक करून लिहून घ्या. यातलं बरंच काही बाहेर ठेवूनच दर कमी दाखवला जातो. शेवटचा दहा टक्के हप्ता हातात ठेवा. घर बसल्यावर प्रत्येक सांध्यावर आणि खिडकीवर अर्धा-अर्धा तास पाइपने पाणी सोडा, आत कोरडा कागद फिरवून बघा, आणि मगच तो हप्ता द्या.