बॅटरी तशीच परत आणली

बामणोलीहून लाँचनं कोयनेच्या बॅकवॉटरपलीकडं सोलरच्या कामाला मी नेहमी जातो. त्या दिवशी सोबत 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची नवी ट्यूब्युलर बॅटरी होती. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचा फोन आला होता, "आई मिक्सर लावते आणि इन्व्हर्टर बंद पडतो. बॅटरी गेलीय, नवीच बसवा." काठावरून चौघांनी ती बांबूला बांधून वर घरापर्यंत चढवली.

जुनी बॅटरी मात्र मला गेलेली वाटेना. आतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला, तर सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, 1230च्या आसपास, म्हणजे सगळे सेल ठीक. मग मावशींना मिक्सर लावायला सांगितला. बॅटरीच्या टोकांवर मीटर 12.1 व्होल्ट दाखवत होता. दुसऱ्यांदा मिक्सर लावून इन्व्हर्टरपाशी बघितलं, तर 10.4. लगेच टूंऽऽ करून इन्व्हर्टर बंद.

बॅटरी पडवीत, इन्व्हर्टर स्वयंपाकघरात. मधे 5 मीटरवर 6 स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) वायर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर. 230 व्होल्टला 500 वॉटचा मिक्सर दोन-सव्वादोन अँपिअर घेतो, पण तेवढ्यासाठीच 12 व्होल्टच्या बाजूला 50 अँपिअर खेचले जातात. दीड व्होल्ट त्या वायरीतच जिरत होता. त्यात बॅटरीच्या बोल्टला लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) नाही, नुसती तार पिळलेली, तिथलं इन्सुलेशन वितळून चकाकत होतं. फ्यूज कुठेच नाही! घरात म्हातारी माणसं, वर लाकडी माळा. मला खरंच घाम फुटला. घरातल्या तात्यांना त्या जोडाजवळ वायरीला हात लावायला सांगितला, त्यांनी झटकन मागं घेतला.

नव्या बॅटरीसाठी 25 स्क्वेअरची केबल, लग आणि ते दाबायचं क्रिम्पिंग टूल आणलंच होतं. इन्व्हर्टर पडवीच्या भिंतीपलीकडं, बॅटरीपासून हातभरावर आणला. बॅटरीच्या वर नाही लावला, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. लग दाबून बसवले, प्लसला 100 अँपिअरचा फ्यूज टाकला आणि आत फक्त 230ची लाईन नेली.

मावशींनी ओल्या नारळाचं वाटण फिरवलं. इन्व्हर्टरपाशी 12.0. तात्यांनी न सांगता केबलवर हात ठेवला. "गार हाय की!"

नवी बॅटरी त्याच चौघांनी खाली उतरवली. मुलाला रेंज मिळाल्यावर कळवलं, फक्त केबल, फ्यूज आणि मजुरीचे पैसे द्या.

पॅनलच्या लाईनवरही कुणीतरी घरातला साधा एसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावलाय. पॅनलचा डीसी करंट एकाच दिशेनं वाहतो, एसीसारखा सारखा शून्यावर येत नाही, त्यामुळं चालू लोडवर तो पाडला तर आतला आर्क (ठिणगीचा जाळ) विझेलच असं नाही. पॅनल झाकून तो काढून ठेवलाय. मंगळवारी डीसीचा घेऊन जातोय, तोवर चार्जिंग बंद. मिक्सर जपून लावा म्हणून मावशींना सांगून आलोय.