पेट्रोल गेली, डिझेल आली

शेवटी दिली ती गाडी. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, काटा ५००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे गेला की जो आवाज यायचा ना तो अजून कानात आहे, चावी देताना खरंच जड गेलं. पण रोजचं येणंजाणं वाढलं आणि दर चार दिवसांनी टाकी फुल करणं झेपेना. डिझेलला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच नसतो, हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं, म्हणून तर मायलेज चांगलं. २००० आरपीएमच्या आतच टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो, चढावर सारखा गिअर पाडावा लागत नाही. सकाळची खडखड मात्र अजून आवडत नाही. आणि हो, नुसती जवळपास फिरवणार असाल तर डिझेल घेऊ नका, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने चोक होतो, मधूनमधून हायवेला पळवावीच लागते. टाकी भरून आज अकरा दिवस झाले, काटा अजून अर्ध्यावर आहे.