पाथरवट आबा

मी जळगावात स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्याकडे पेशंट येतो तो सगळ्यात शेवटी. आधी न्यूरो, मग फिजिओ, मग कुठला तरी भगत, आणि महिने उलटले की कोणाला तरी आठवतं, अरे बोलायचं राहिलंच!

आबांचंही तेच. जाती, पाटे घडवणारे पाथरवट, मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, ब्रोकाज अफेजिया, म्हणजे शब्द बाहेर काढणंच अडतं. समजतं बऱ्यापैकी, पण तोंडून फक्त "हां", आणि राग आला की एक शिवी, ती मात्र स्वच्छ. शिव्या, आकडे, भजनं बऱ्याचदा शाबूत राहतात, घरच्यांना वाटतं म्हातारा नाटक करतोय.

होम व्हिजिटला गेले तर ओट्यावर नातवाला पाट्याला टाकी लावायला शिकवत होते. उजवा हात लुळा, म्हणून डाव्या हाताने पोराचं मनगट धरून टाकीचा तिरपेपणा बसवत होते, घाव खोल गेला की नुसतं 'चक्'. मग दोन दगड वाजवून दाखवले, एक खणखणीत, दुसरा बद्द. बद्द वाजलेला पायाने सारला. पोराला लगेच कळलं, आत चीर आहे. मी चित्रांची कार्डं बॅगेतून काढलीच नाहीत. वाटलं, एवढं सगळं बिनशब्दाचं होतंय तर आदिमानवाचं भाषेवाचून काय अडलं असेल?

आणि तिथेच अडलं. आबा लांब कुठेतरी हात करायला लागले. "काय जोयजे आबा? पानी? हातोडी?" शिवी. परत हात, परत शिवी. शेवटी सून आतून ओरडली, "नालावरना दगड सांगी ऱ्हायनात त्या!" गेल्या वर्षी वरवंट्यासाठी नाल्यावर राखून ठेवलेला दगड, तो उद्या आणायचा होता. समोर नसलेली वस्तू, कालची गोष्ट, उद्याचं काम, हे हाताने सांगणं महाकठीण.

2015 मध्ये आदिमानवासारखे दगडाचे धारदार छिलके काढायला शिकवायचा एक प्रयोग झाला, त्यातही नुसतं बघून शिकणाऱ्यांपेक्षा बोलून शिकवलेले सरस ठरले. इस्रायलच्या केबारा गुहेत 1983 ला निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाचं जिभेखालचं हाड मिळालं, सुमारे 60,000 वर्षांपूर्वीचं, जवळपास आपल्यासारखंच, पण हाडावरून गप्पा कळत नाहीत. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, साधारण 25,000 वर्षांपूर्वीची. ती नक्षी काढणारे मुके असतील हे मला तरी पटत नाही.

आमचे एक डॉक्टर म्हणाले, मॅडम, आबांच्या डोक्यात सत्तर वर्षांची भाषा आहे, फक्त बाहेर येत नाही, त्यांच्यावरून आदिमानवाचं काय ठरवता? खरंय. नातवालाही 'गेल्या वर्षी' माहीत होतंच, म्हणून तर सुनेच्या एका वाक्यात काम झालं. ज्याच्याकडे काल-उद्या सांगायला काहीच नाही, त्याने लांबचा चांगला दगड राखून कसा ठेवला असेल, हे मला अजून सुटलेलं नाही.

आमच्या किटमध्ये सफरचंद, कप, छत्री. नाला, काल, उद्या, दगड ही कार्डं आता मीच काढतेय, छत्रीचं आबांना करायचंय काय!