आत्या, इलेक्ट्रिक स्कूटर आणि आमचं बडोदं

गेल्या डिसेंबरात दीवला गेलो होतो. नागोआच्या किनाऱ्याजवळ गाईडच्या मागे इलेक्ट्रिक स्कूटरची रांग चालली होती, त्यात आम्हीही घुसलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला फांद्या फुटलेली होक्याची ताडं, शेवटी पोर्तुगीजांचा किल्ला. छान झालं. घरी येऊन आत्याला फोटो दाखवले तर ती म्हणाली, "मला कोण नेणार?"

म्हणून बडोद्यातच तशी रविवारची सफर निघते हे कळल्यावर मी लगेच एक गाडी सांगून टाकली. पुढे मी, मागे आत्या, वय वर्षं त्र्याहत्तर. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, आणि तिच्यात मगरी.

जानेवारीतली सकाळ, साडेसातला काळ्या घोड्यापाशी जमलो. घोड्यावर सयाजीराव महाराज बसलेले आहेत, पण बडोद्यात पत्ता सांगताना नाव घोड्याचंच घेतात. गाईड म्हणजे कॉलेजातली एक गुजराती मुलगी, चटपटीत. मी किल्ली फिरवली, बटण दाबलं, काहीच नाही. पुन्हा दाबलं. "अंकल, चालू ज छे," ती हसून म्हणाली. तरी गाडी हलेना. साईड स्टँड खाली होता, आणि तो वर घेतल्याशिवाय ही गाडी जागची हलत नाही. आत्या मागून म्हणाली, "तुझ्या काकांची लँब्रेटा बरी होती. निदान चालू झाली की कळायचं तरी."

पुलावर सगळे थांबलो. खाली चिखलात एक मगर पसरलेली होती. आत्या म्हणाली, दोन आहेत. गाईडने वाकून पाहिलं. "मासी, ए तो पथ्थर छे." आत्या गप्प बसली, पण तिला ते पटलं नव्हतं.

कीर्तिमंदिर बाहेरूनच पाहिलं. गायकवाडांच्या स्मरणार्थ १९३६ साली बांधलेली ही वास्तू. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारत. शाळेच्या सहलीत बघितली होती, पण तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्याकडे होतं.

पुढे कोठीवरून रावपुऱ्यात शिरलो. या गाडीची मजा कळली ती इथून. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे रस्ता ऐकू येतो. दुकानाच्या शटरची घरघर, कुठल्याशा माडीवरून कुकरची तिसरी शिट्टी, आणि "अरे, दूध उतू गेलं!" असं खणखणीत मराठीत. याच रस्त्यावरून मी वीस वर्षं मोटारसायकलने ऑफिसला जातोय आणि मला फक्त हॉर्न माहीत. गैरसोयही तीच, की तुम्ही मागे आलात हे कुणाला कळत नाही. एका गाईने तर आम्हाला मोजलंच नाही. मग आत्याने हॉर्नचं खातं स्वतःकडे घेतलं. मागून हात घालून बटण दाबायची. मला ते अजिबात आवडलं नाही.

सूरसागरला वळसा घालून न्यायमंदिरासमोर आलो. गाईड सांगायला लागली, १८९६, बायझंटाईन शैली. आत्या मधेच म्हणाली, "बेटा, आ तो शाकमार्केट माटे बांध्युं हतुं." आणि ते खरं आहे. इमारत बांधली भाजीबाजारासाठी, तिथे बसलं कोर्ट. मुलीने वही काढून लिहून घेतलं. पुढे लहरीपुरा दरवाजातून मांडवीपर्यंत बोलण्याचं काम आत्याकडेच गेलं. चार दरवाज्यांचे चार रस्ते मांडवीशी कसे मिळतात हे तिने हातवारे करून दाखवलं, एक हात माझ्या डोळ्यांसमोर.

परतताना तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. बाहेरून जुना लाकडी वाडा, आत भिंत म्हणून मोकळी नाही. कृष्णलीला, लढाया, गोरे शिपाई. मी एका कोपऱ्यात खाली बसून बघत होतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही, चितारऱ्याने नक्षी नीट पुरी केलेली. रंग काही ठिकाणी पोपडे धरून उठलाय. आत्या म्हणाली, "हात लावू नकोस." मी पन्नाशीचा आहे.

नंतर सेव-उसळ. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर मूठभर सेव, कांदा, आणि लाल तरी आपली आपण घ्यायची. आत्याने तीनदा घेतली. डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं.

गाडी "फुल चार्ज" म्हणून हातात दिली होती, पण निघतानाच पडद्यावर ७१ टक्के होते. उसळीनंतर उरले अकरा. गाईडने गाडी इकोवर टाकून दिली आणि आम्ही सायकलवाल्यांच्या मागून काळ्या घोड्याकडे निघालो. ऊन चांगलं वर आलं होतं. पुलावर आत्याने पाठीवर थाप मारली. "थांब जरा."

थांबलो. गाईडही थांबली. सकाळची मगर होती तिथेच होती. तिच्या डाव्या अंगाचा दगड मात्र चार हात वर सरकून तोंड उघडून ऊन खात पडला होता.