आमची वाटचाल : फक्कीची रेघ आणि चिंचोक्यांच्या पिशव्या

जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या बालवाड्यांना आम्ही हालचालीतून शिकवणाऱ्या ताई देतो आणि लागणारं साहित्य इथेच बनवतो. सुरुवात फोमच्या रंगीत तुकड्यांनी झाली. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याखाली तुकड्यांच्या कडा वर वळल्या आणि पोरांना ठेचा लागू लागल्या. मग गादीवाल्याकडून गाद्या भरून घेतल्या. खान्देशात कापूस काही शोधावा लागत नाही.

फेकायच्या पिशव्यांत आधी ज्वारी भरली. पावसाळ्यात सोंडे झाले, शिवणीतून पीठ गळायला लागलं. वाळूही झिरपते. आता 12 सेंमी बाजूच्या दुहेरी मांजरपाटाच्या पिशवीत 100 ग्रॅम चिंचोके. चिंचोके पाण्याने फुगतात, म्हणून पिशवी धुवायची नाही. वरची खोळ तेवढी धुवायची. उजव्या हाताने उचलून डाव्या अंगाच्या टोपलीत टाकायचं, मग उलट. मूल मधेच हात बदलतं. दुसऱ्या हातात रुमाल धरायला दिला की बदलत नाही.

सगळ्यात जास्त खोडरबर चाललं ते संख्यारेषेवर. 0 ते 10, चौकोन 35 सेंमीचे. '3 वर उभी राहा, 4 उड्या मार' म्हटलं की मूल उभ्या जागीच 'एक' म्हणतं आणि 7 ऐवजी 6 वर थांबतं. चूक बेरजेची नसते. ते चौकोन मोजत असतं, उड्या नाही. म्हणून पाय हवेत असताना तोंड बंद, पाय टेकले की आकडा. वर्गातली बाकीची मुलं त्याच ठेक्याला टाळी देतात. तीन-चार दिवसांत बसतं. ऑइलपेंटने रेषा रंगवू नये, ओल्या पायाला घसरते, फक्की बरी.

अक्षरं दोन मीटर उंच काढतो. सुरुवातीला लाल ठिपका, पुढे बाण. बाण नसले तर मूल कुठूनही चालतं आणि अक्षराचं नुसतं चित्र होतं. शिरोरेघ शेवटी चालायची, कारण 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांतला घोळ तिथेच सुटतो: 'भ'पाशी रेघ तुटते, तिथे पोराला उडी मारावी लागते.

ताईला अहिराणी हवीच. नवं पोर 'आठे', 'तठे'ला चटकन वळतं. 'इकडे', 'तिकडे' मागाहून.

'नुसतं खेळवता' ही पालकांची तक्रार सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 3-4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली 60 दमवणारी. हे ऐकवतो, पण तक्रारीत तथ्यही आहे. धडा हालचालीत नसेल तर ती पी.टी. होते; लंगडी घालताना पाढे म्हणवणं हा असाच एक लोकप्रिय निरर्थक प्रकार.

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोकेही वर्गात आणले. पुढे-मागे हळू झोका दोन मिनिटं दिला की अस्वस्थ मूल शांत होतं; गरगर फिरवला तर उलट. चेहरा पांढरा पडला, घाम आला की लगेच थांबवायचं.

एका ताईमागे बारा मुलं घेतो. वीस झाली की रांग लांबते आणि ढकलाढकली सुरू होते. उन्हाळ्यात वर्ग सकाळी सात ते नऊ. त्यानंतर फरशी अनवाणी पायांना सोसत नाही.