बेत आणि माया

शिवणाऱ्यांच्या बोलण्यात दोन शब्द असे आहेत, जे बाहेरच्या जगातही मजेत वावरतात. कपड्यासाठी कापड कापण्याला मराठीत नुसतं कापणं म्हणत नाहीत, बेतणं म्हणतात. श्रीखंड-पुरीचा बेत, बेताची परिस्थिती, आणि कात्री चुकली तर जिवावर बेतणं, सगळी एकाच गोतातली मंडळी. दुसरा शब्द माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. घरी कपडे शिवून पैसे वाचतात ते या दोन जागी. नुसती मशीन खडखडवून फारसे वाचत नाहीत.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शिवणयंत्र घरात आलं की पहिल्या महिन्यात लोक हिशेब मांडतात आणि हिरमुसतात. साधा परकर बाजारात जवळजवळ कापडाच्या भावात मिळतो. पुरुषांचा शर्ट घरी शिवायचा तर कॉलर आणि कफ यांच्यात दोन दिवस जातात. खरा फायदा ब्लाउजात, गाऊनमध्ये, लहान मुलांच्या कपड्यांत, उशांच्या अभ्र्यांत आणि उसवलेलं-तोकडं झालेलं पुन्हा अंगावर आणण्यात आहे. ब्लाउजची शिलाई तर आता बहुतेक गावांत आतल्या कापडापेक्षा महाग पडते. तरीही सुरुवात परकरानेच करावी. त्यात सगळ्या टिपा सरळ असतात, आणि तो साडीखाली झाकला जातो.

कापड घ्यायचं ते कटपीसच्या दुकानात. ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे तिथे वजनावर किंवा नगावर मिळतात. घेताना तुकडा उजेडासमोर धरून पाहावा, कारण शेवटच्या तुकड्यांत विणीचे दोष जास्त सापडतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, स्वतःच्या टेपने मोजावा. दुकानदार सुती म्हणतो ते सुती आहे का, हे घरी आल्यावर कडेचे चार धागे काढून बशीत जाळून कळतं. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि गार झाल्यावर टणक मणी होतो. मिश्र कापड दोन्ही करतं.

मग कापड भिजवायचं. रात्रभर पाण्यात, न पिळता वाळवायचं, किंचित दमट असताना इस्त्री. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच आटतं. ३८ इंचांच्या परकरात हे एक ते दोन इंच झाले, म्हणजे परकर घोट्यावरून वर. अस्तराचा ब्लाउज असेल तर अस्तर आधी भिजवलंच पाहिजे. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर आतलं आटतं, वरचं तसंच राहतं, आणि पाठीवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारख्या सुरकुत्या येतात. त्या कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत.

आता बेत. सहा कळ्यांच्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांच्या, परकरासाठी ३६ इंच पन्ह्याचं पॉपलिन सव्वादोन मीटर घ्या. ते होतं साधारण ८८ इंच, आटल्यावर ८५ धरा. त्यातून ३८ इंचांचे दोन तुकडे काढले की ९ इंच उरतात, ते नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या कमरेच्या पट्टीला. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकावर एक अंथरायचे. वरच्या कडेला डावीकडून ४, २० आणि २८ इंचांवर खुणा. खालच्या कडेला ८, १६ आणि ३२ वर. पहिली खूण पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला जोडायची. तीन तिरक्या रेघा, तीन काप, आणि चिंधी एकही नाही.

हातात येतात चार अख्ख्या कळ्या, वर ८ इंच आणि खाली १६ इंच, आणि काठाकडच्या चार अर्ध्या. अर्ध्या कळ्या सुलट बाजू आत असलेल्या जोडीनेच पडलेल्या असतात, तशाच उचलून सरळ काठाला शिवायच्या. काठ उसवत नाही, म्हणून तिथे पाव इंच पुरतं. बाकी सहा शिवणींना दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच. सगळं जाऊन वर ४१ इंच उरतात आणि घेर ८९. सीट, म्हणजे नितंबांचं माप, ३९ च्या पुढे असेल तर कळी वर ९ आणि खाली १५ ची काढावी. वरचा आकडा आणि खालचा आकडा मिळून २४ आले पाहिजेत, एवढीच अट. एक अख्खी कळी सुलटी, शेजारची उलटी, असं हे गणित पाहिलं की वाटतं, ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्या बाईच्या घरात कापड खरोखर तुटपुंजं असणार. (बाईच, कारण पुरुषाने कापड जास्त मागवलं असतं.)

एक सावधगिरी: छापील कापडावर मोर किंवा कलश असतील तर या बेतात अर्धे मोर पाय वर करून लटकतात. साधं किंवा दोन्हीकडून सारखं दिसणारं कापडच घ्यावं.

कळीची तिरकी कड मधल्या उभ्या लांबीपेक्षा पाव इंच जास्त भरते. म्हणून कळ्या जोडल्यावर घेराला प्रत्येक शिवणीपाशी टोक लोंबतं. ते पाव इंच गोलाईने छाटायचं, मगच दुमड घालायची. तिरकी कड ताणतेही. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे शिवण संपताना वरची कळी अर्धा इंच लांब निघते. घेराकडून कमरेकडे शिवत जावं, दर सहा इंचांवर टाचणी, आणि हाताने मागून ओढू नये. कापड ओढणं ही नवशिक्याची सगळ्यात मोठी खोड. त्याने सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटते, आणि मग टाके सुटतात.

नेफ्याची पट्टी साडेतीन इंच रुंद. ३६ इंच पुरत नाहीत, सहा-सात इंचांचा जोड द्यावा लागतो. तो मागच्या बाजूला घ्यावा. एका शिवणीला वरून पाच इंच उघडं सोडायला विसरू नये. हे विसरलं की परकर पूर्ण झाल्यावर कळतं, आणि उसवणीची सुई शोधावी लागते. एवढ्या परकराला दुहेरी टिपेसह पन्नास मीटरच्या आसपास दोरा जातो, कारण मशीनचा टाका शिवणीच्या लांबीच्या अडीच-तीनपट दोरा खातो.

कापडाची कच्ची कड दोऱ्याने बांधणारी इंटरलॉकची मशीन नसली तर बिघडत नाही. कळ्या आधी उलट बाजू आत घेऊन पाव इंचाला थोडी कमी टीप मारायची, सुटे धागे छाटायचे, मग कापड उलटून सुलट बाजू आत घेऊन पाव इंचाची दुसरी टीप. कच्ची कड दोन टिपांच्या मध्ये कैद होते. वर्षानुवर्षं धुतलं तरी सुटत नाही.

मशीनविषयी थोडं. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवणारा टाका एलायस हाऊ याने अमेरिकेत १८४६ साली पेटंट केला, आणि घरातली काळी मशीन आजही तोच टाका घालते. त्या टाक्याची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध पडली पाहिजे. वर दिसली तर वरचा दोरा जास्त ताणलेला, खाली दिसली तर सैल. आता गंमत अशी की खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा मशीनचा पाय खाली असताना दोरा ओवला की ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. पाय वर उचलून पुन्हा ओवावा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्याच अंगाने आत जातो. पॉपलिन आणि ब्लाउजच्या रुबियाला १४ नंबरची सुई, मलमलीला ११, जीन्सला १६ किंवा १८. टाके इंचाला दहा ते बारा. आठ-दहा तास शिवून झालं की सुई बदलावी. ती सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि लोक तिच्यावरच काटकसर करतात. कापडातून जाताना टक टक आवाज आला तर ती बोथट झाली आहे.

तेल मशीनचंच घालावं. घरात खोबरेल आहे म्हणून दोन थेंब सोडले तर ते थंडीत थिजतं, एरवी चिकट होतं, आणि माघ महिन्यात चाक फिरेनासं होतं. कात्रीचंही तसंच. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार गेली. घरातल्या शाळकरी मुलांना हे पटवणं हा शिवणकामातला सर्वात अवघड भाग. खडू संपला तर झिजलेल्या साबणाची पातळ वाळकी चकती गडद कापडावर खडूपेक्षा छान उठते आणि पहिल्या धुण्यात जाते. नमुना वर्तमानपत्रावर काढता येतो. फक्त पांढऱ्या कापडावर त्याची शाई उतरते, तिथे खाकी कागद.

ब्लाउज हा वेगळा प्राणी आहे. अंगाला बसणारा जुना ब्लाउज उसवून त्यावरून बेतणं हा सोपा रस्ता, पण जुनं कापड ताणलेलं असतं, म्हणून आकडे टेपने पडताळून घ्यावेत. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल असतो. बाहीचंही तसंच. उजवी बाही डावीकडे लागली की ब्लाउज दिसायला ठीक दिसतो, हात वर केला की काखेत ओढतो. गळा कायम लहान कापावा. खांद्याची शिवण आणि गळ्याची पट्टी मिळून तो आपोआप मोठा होतो, आणि कापलेला गळा परत येत नाही. कापल्याबरोबर गळ्याच्या कडेपासून पाव इंचाच्या आत एक टीप मारून ठेवली तर गोलाई ताणत नाही. पट्टी उरेब कापडाचीच, म्हणजे उभ्या धाग्याला ४५ अंशांत तिरकी काढलेली, सव्वा इंच रुंद. सरळ पट्टी गोल गळ्यावर झोपत नाही, चुण्या पडतात. पट्टी उलटण्याआधी गोलाईला जवळजवळ कात्रे द्यावेत, टिपेला न छेदता. आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. घरगुती आणि दुकानी शिवणीतला फरक बहुतांशी इस्त्रीचा असतो, हाताचा नाही.

खणाचा ब्लाउज शिवायचा तर अरुंद पन्ह्यामुळे लांबी जास्त घ्यावी लागते, आणि काठ बाहीच्या मोहरीला, म्हणजे खालच्या कडेला, आणायचा असेल तर बाह्या आधी बेताव्यात, अंग नंतर.

जुन्या साड्यांचा एक उपसाठा प्रत्येक घरात असतो. सुती पाचवारीत साडेपाच मीटर कापड असतं, पण सगळं उपयोगाचं नसतं. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला ती विरते. खिडकीला लावून पाहिली की विरलेली जागा लगेच दिसते. उरलेल्यातून गाऊन होतो, उशांचे अभ्रे होतात, आणि सगळ्यात मऊ भागातून झबली. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, अंगाला टोचत नाही. बटण लावायचं नाही, नाडी पुरते. त्यातूनही उरलेलं गोधडीच्या पोटात जातं.

आणि माया. तयार कपड्याच्या आत पाहिलं तर शिवणीबाहेर जेमतेम एक सेंटिमीटर कापड असतं, तेही इंटरलॉकने कातरलेलं. तो कपडा ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच्या अंगाचा असतो. घरी शिवताना ब्लाउजच्या दोन्ही कुशींना दीड दीड इंच माया सोडता येते. सगळी मिळून सैल केली तर घेर चार-पाच इंचांनी वाढतो, तेवढ्यात बाळंतपणही सामावतं. मायेत आधीच एक-दोन समांतर टिपा मारून ठेवल्या तर पुढे फक्त आतली टीप उसवायची, बस्स. मुंढ्यापाशी मात्र दीड इंच दाबून ठेवता येत नाही, तिथे कापड गोळा होऊन काखेत बोचतं. तिथे अर्धा इंचच.

मुलींच्या फ्रॉकला खाली तीन इंचांची दुमड ठेवायची, हाताने तुरपाई करून, म्हणजे उसवताना टाके मोकळे सुटतात. दुसऱ्या वर्षी दुमड सोडली की दोन गोष्टी दिसतात. जुन्या घडीची रेघ, आणि तिच्याखाली उन्हात न विटलेली गडद पट्टी. रेघेवर व्हिनेगर घातलेल्या पाण्याचं फडकं ठेवून इस्त्री केली तर ती बरीच पुसट होते. गडद पट्टी जात नाही. तिच्या वरच्या कडेला लेस लावतात. फ्रॉकच्या खाली एक लेस असेल तर ती हौसेची, दोन असतील तर पोर उंच झालेली आहे.